डेटा सेंटर वीज कशी वाचवतात? पीयूईपासून रिकाम्या सर्व्हरपर्यंत सगळं सोप्या भाषेत

तुम्ही रील बघता, यूपीआयने चहाचे पैसे देता, एआयला प्रश्न विचारता. यातलं बरंचसं काम तुमच्या फोनमध्ये होतच नाही. ते कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होतं आणि त्या सर्व्हरला २४ तास वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या (आयईए) अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराचा हा साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटच्या आसपास जाईल, असं त्याच संस्थेचं म्हणणं आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव सोलापूर जिल्ह्यात. आमच्या शेतातल्या मोटरला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री थ्री फेज लाईट मिळते. रात्रीच्या आठवड्यात बाबा बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातात. मागच्या थंडीत त्यांनी फोनवर विचारलं, "तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या गोदामाची लाईट कधी जातच नाही का रे?" मी म्हटलं, "नाही बाबा, एक सेकंद गेलेलीही चालत नाही." ते म्हणाले, "मग निदान वाया तरी घालवू नका."

वाया जाते का? जाते. कुठे जाते आणि ती वाचवायला काय करतात, तेच या लेखात बघू.

डेटा सेंटरमध्ये वीज जाते कुठे?

डेटा सेंटर म्हणजे हजारो सर्व्हर ठेवलेली इमारत. सर्व्हर म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड नसलेला ताकदवान कॉम्प्युटर. असे अनेक सर्व्हर एकावर एक बसवलेल्या कपाटाला रॅक म्हणतात. इथली वीज मुख्यतः तीन ठिकाणी जाते:

१. सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कची उपकरणं. खरं काम हीच करतात.
२. कूलिंग. सर्व्हरमध्ये गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १०० वॅट वीज घेणारा सर्व्हर म्हणजे एका अर्थी १०० वॅटचा हीटरच. ही उष्णता सतत बाहेर काढावी लागते.
३. यूपीएस, ट्रान्सफॉर्मर, दिवे वगैरे. वीज एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी होताना प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी गळते. घरचा इन्व्हर्टर गरम होतो तोच प्रकार, फक्त फार मोठ्या प्रमाणात.

नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वेटर घेऊन गेलो होतो. रॅकच्या पुढच्या बाजूला वातावरण ठीकठाक गार होतं. मागे गेलो तर तोंडावर हेअर ड्रायर धरल्यासारखी गरम हवा आली. स्वेटर बॅगेतच राहिला.

पीयूई म्हणजे काय?

डेटा सेंटर किती काटकसरी आहे हे सांगायला पीयूई हा आकडा वापरतात. पूर्ण नाव पॉवर यूसेज इफेक्टिव्हनेस. 'ग्रीन ग्रिड' या उद्योगसंघटनेने २००७ मध्ये तो प्रचारात आणला. सूत्र अगदी सोपं आहे:

पीयूई = इमारतीची एकूण वीज ÷ सर्व्हर वगैरे उपकरणांची वीज

समजा सर्व्हरनी १०० युनिट वापरले आणि मीटरवर १६० युनिट पडले, तर पीयूई झाला १.६. म्हणजे कामाच्या प्रत्येक १०० युनिटमागे ६० युनिट वरखर्च. पीयूई १ आला तर वरखर्च शून्य, पण प्रत्यक्षात तसं होत नाही.

अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २००७ मध्ये सरासरी पीयूई २.५ च्या घरात होता. म्हणजे कामापेक्षा वरखर्च जास्त! पुढच्या काही वर्षांत तो झपाट्याने खाली आला, पण नंतर १.६ च्या आसपास येऊन रेंगाळला. गूगलने आपल्या डेटा सेंटर्सचा २०२४ चा सरासरी पीयूई १.०९ दिला आहे.

हा फरक किती मोठा आहे? एक हिशोब करू. १० मेगावॅटचे सर्व्हर असलेलं एक डेटा सेंटर घ्या. त्याचा पीयूई १.६ वरून १.३ वर आणला, तर सतत ३ मेगावॅट वाचतात. वर्षाला झाले सुमारे २ कोटी ६३ लाख युनिट. महिन्याला १५० युनिट वापरणारी साधारण १४,६०० घरं यात वर्षभर चालतील. बाबांच्या भाषेत सांगायचं तर ५ एचपीच्या सातशे-आठशे मोटरी एकाच वेळी चालतील एवढी ही वीज आहे.

वरखर्च कमी करायचे मुख्य उपाय

१. गरम आणि गार हवा वेगळी ठेवणं

हा सगळ्यात स्वस्त उपाय. रॅकच्या रांगा समोरासमोर तोंड करून लावतात. दोन रांगांच्या मधल्या एका गल्लीत गार हवा सोडायची, शेजारच्या गल्लीत सगळ्या सर्व्हरची गरम हवा बाहेर पडेल. यांना कोल्ड आयल आणि हॉट आयल म्हणतात. गल्लीला दार आणि वर छत केलं की दोन्ही हवा मिसळत नाहीत. रॅकमधल्या रिकाम्या खाचांवर साध्या पट्ट्या बसवतात, कारण त्या फटीतून गरम हवा पुढे येते. एसी लावून खिडकी उघडी ठेवायची नाही, एवढंच हे तत्त्व. तरी जुन्या सर्व्हर रूममध्ये हेच केलेलं नसतं.

२. तापमान थोडं वाढवणं

सर्व्हर रूम फ्रीजसारखी गार हवी, हा समज जुना आहे. अमेरिकेतल्या अॅशरे या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असली तरी चालते. १८ ऐवजी २५ अंशावर चालवलं तर कूलिंगची बरीच वीज वाचते. घरचा एसी १८ वरून २५ वर नेल्यावर बिल उतरतं, तसंच.

३. बाहेरच्या हवेचा किंवा पाण्याचा उपयोग

थंड देशांत बाहेरची हवा गाळून आत घेतली की काम भागतं. याला फ्री कूलिंग म्हणतात. फिनलंडमध्ये हामिना इथे गूगलने जुनी कागद गिरणी विकत घेऊन तिथे डेटा सेंटर उभारलं. ते फिनलंडच्या आखातातल्या समुद्राच्या पाण्याने थंड होतं. स्टॉकहोममध्ये तर डेटा सेंटरची उष्णता शहरातली घरं उबदार ठेवायला विकली जाते.

४. लिक्विड कूलिंग

साधा रॅक ५ ते १० किलोवॅट वीज घेतो. एनव्हिडियाचा एआयसाठीचा जीबी२०० एनव्हीएल७२ हा रॅक एकटाच १२० किलोवॅटच्या आसपास घेतो. एवढी उष्णता पंख्याने काढणं अवघड आहे. म्हणून चिपवर धातूची प्लेट बसवून तिच्यातून पाणी किंवा दुसरा द्रव फिरवतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये हेच तत्त्व वापरतात.

५. कूलिंगचं नियंत्रण एआयकडे

पंप, पंखे, चिलर कधी किती चालवायचे याचे हजारो पर्याय असतात. २०१६ मध्ये गूगलच्या डीपमाइंडने आपल्या मॉडेलच्या सल्ल्याने कूलिंगच्या विजेत ४० टक्क्यांपर्यंत बचत झाल्याचं जाहीर केलं.

६. यूपीएसमधली गळती कमी करणं

जुन्या यूपीएसमध्ये वीज दोनदा बदलली जाते. नवे यूपीएस जास्त कार्यक्षम असतात. काही मोठ्या कंपन्या बॅटरी थेट रॅकमध्येच ठेवतात आणि मधले टप्पे गाळतात.

मग हे सगळं मुंबईत का जमत नाही?

भारतातल्या डेटा सेंटर क्षमतेचा साधारण निम्मा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात फिरलात तर खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतील. कारण सरळ आहे. समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत आणि विजेचा पुरवठा तुलनेने भरवशाचा आहे.

पण हवामान साथ देत नाही. नागपूरला मे महिन्यात वाळ्याचा कूलर मस्त गारवा देतो. तोच कूलर दादरच्या घरात लावा, नुसती चिकचिक होते. कोरड्या हवेत पाण्याची वाफ पटकन होते आणि वाफ होताना उष्णता ओढली जाते. दमट हवेत ते जमत नाही. डेटा सेंटरचं बाष्पीभवन कूलिंगही याच नियमाने चालतं. म्हणून मुंबईत वर्षाचा बराचसा काळ वीज खाणारे चिलर चालवावे लागतात. फिनलंडचा पीयूई मुंबईत मागणं म्हणजे कोकणातल्या शेतकऱ्याला सफरचंद का लावत नाहीस असं विचारण्यासारखं आहे.

दुसरीकडे, कोरड्या भागात बाष्पीभवनाने वीज वाचते पण पाणी जातं. मराठवाड्यासारख्या ठिकाणी ही बचत परवडेल का, हा प्रश्न आधी विचारावा लागेल. पीयूईत पाणी मोजलं जात नाही. त्यासाठी डब्ल्यूयूई नावाचं वेगळं माप आहे. ते सांगितलं आहे की नाही हे बघत जा.

पीयूई चांगला, तरी वीज वाया?

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलआधी आमच्या टीमने एका अॅपची लोड टेस्ट केली. त्यासाठी मी क्लाउडवर २४ व्हर्च्युअल सर्व्हर घेतले. टेस्ट दोन दिवसांत संपली. मी बॅग भरून गावाला गेलो. परत आलो तेव्हा सरांनी काही न बोलता बिल आणि एक ग्राफ दाखवला. ११ दिवस २४ सर्व्हर चालू आणि त्यांचा वापर २ टक्क्यांच्या खाली. त्या ११ दिवसांत क्लाउड कंपनीला आमच्यासाठी तेवढी जागा राखून ठेवावी लागली. त्याच आठवड्यात बाबा रात्री १ वाजता हरभऱ्याला पाणी देत होते.

गंमत म्हणजे ते डेटा सेंटर उत्तम पीयूईचं असणार. पण पीयूईच्या हिशोबात माझे रिकामे सर्व्हर 'कामाची वीज' म्हणूनच मोजले गेले. सर्व्हर काम करतोय की नुसता चालू आहे, हे पीयूईला दिसतच नाही.

आणि रिकामा सर्व्हर कमी वीज घेतो असंही नाही. गूगलचे इंजिनिअर लुईस आंद्रे बरोसो आणि उर्स हॉल्झल यांनी २००७ मध्ये एका लेखात दाखवलं होतं की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करतात, आणि काहीच काम नसताना देखील पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज घेतात. त्यानंतर चिप सुधारल्या आहेत, पण मूळ अडचण संपलेली नाही. सिग्नलला बाईक बंद न करता उभं राहण्यासारखंच हे.

एक उदाहरण घ्या. एक सर्व्हर पूर्ण भारावर ४०० वॅट आणि रिकामा असताना २०० वॅट घेतो असं धरू. १० टक्के काम करणारा सर्व्हर मग सुमारे २२० वॅट घेईल. असे १० सर्व्हर म्हणजे २,२०० वॅट. तेच काम दोन सर्व्हरवर प्रत्येकी ५० टक्के असं बसवलं आणि बाकीचे ८ बंद केले, तर लागतात ६०० वॅट. काम तेवढंच, वीज जवळपास पाव! शिवाय त्यांच्या कूलिंगची वीज वाचते ती वेगळी.

आता गोंधळात टाकणारी गोष्ट बघा. सर्व्हरना १०० युनिट आणि वरखर्च ६०, म्हणजे पीयूई १.६. रिकामे सर्व्हर बंद केल्यावर सर्व्हरची वीज ७० वर आली आणि वरखर्च ५० वर. एकूण वीज १६० वरून १२० झाली. पण पीयूई? १२० भागिले ७०, म्हणजे सुमारे १.७१. वीज वाचली आणि पीयूई बिघडला! ज्या मॅनेजरचं कौतुक फक्त पीयूईवर होतं, तो हे सर्व्हर कशाला बंद करेल?

म्हणून सर्व्हरच्या बाजूचे उपाय माहीत असले पाहिजेत:

- व्हर्च्युअलायझेशन: एका खऱ्या सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर बसवणं. एकाच एसटीत चाळीस माणसं बसवावीत तसं.
- ऑटोस्केलिंग: गर्दी वाढली की सर्व्हर वाढवायचे, ओसरली की आपोआप कमी करायचे. रात्री ३ वाजता जेवणाच्या अॅपला संध्याकाळी ८ एवढे सर्व्हर लागत नाहीत.
- झोम्बी सर्व्हर शोधणं: कुणीतरी कधीतरी चालू केलेले आणि आता कुणाचेच नसलेले सर्व्हर. प्रत्येकावर मालकाचं नाव आणि बंद करायची तारीख लावायची. आमच्या टीममध्ये माझ्या 'पराक्रमा'नंतर हा नियम झाला.
- चांगला कोड: डेटाबेसला एकाच गोष्टीसाठी १०० वेळा विचारण्याऐवजी एकदा विचारून उत्तर जपून ठेवणं. दिसायला किरकोळ, पण कोटी वेळा होतं तेव्हा मोठं.
- छोटं एआय मॉडेल: स्पेलिंग तपासायला सगळ्यात मोठं मॉडेल लागत नाही.

बचत झाली की वापर वाढतो का?

इथे एक चांगली बातमी आणि एक सावध करणारी.

चांगली आधी. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटर्सचं काम साडेसहा पटींवर गेलं, पण वीज फक्त ६ टक्क्यांच्या आसपास वाढली. लोकांनी छोट्या, ढिसाळ सर्व्हर रूम सोडून मोठ्या क्लाउडकडे काम नेलं, चिप सुधारल्या, पीयूई उतरला. वर सांगितलेले उपाय खरंच चालतात, याचा हा पुरावा आहे.

आता दुसरी बाजू. सोपी बचत बरीचशी होऊन गेली आहे आणि एआयमुळे मागणी पुन्हा वेगाने वाढते आहे. १८६५ मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल लिहिलं होतं की इंजिनं कार्यक्षम झाली तर कोळसा कमी लागण्याऐवजी जास्त लागू शकतो, कारण स्वस्त झालेली गोष्ट लोक जास्त वापरतात. ठिबक सिंचन आल्यावर वाचलेल्या पाण्यावर ऊस वाढवावा, तसंच. म्हणून 'प्रत्येक कामामागे किती वीज' आणि 'एकूण किती वीज' हे दोन आकडे नेहमी वेगवेगळे बघायचे.

वीज कुठली आणि कधीची?

भारतातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशापासून बनते. ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे तेच काम, तोच पीयूई, पण जलविद्युत असलेल्या देशात आणि आपल्याकडे परिणाम वेगळा.

'आम्ही १०० टक्के हरित वीज वापरतो' असं कंपनी म्हणते तेव्हा हिशोब वर्षाचा की तासाचा, हे विचारा. वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी सौर वीज विकत घेतली, तरी रात्री २ वाजता सर्व्हर चालतो तो ग्रिडमधल्या विजेवर. यावर एक उपाय म्हणजे घाई नसलेली कामं, उदाहरणार्थ बॅकअप किंवा व्हिडिओ प्रोसेसिंग, ऊन किंवा वारा जास्त असतो तेव्हा करणं. गूगलने २०२० मध्ये असं सुरू केल्याचं सांगितलं. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्यायची कल्पना याच जातीची आहे: वीज असेल त्या वेळी काम करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुने ईमेल डिलीट केले तर वीज वाचते का?
नावापुरती. साठवून ठेवलेल्या ईमेलला फार वीज लागत नाही. इनबॉक्स नीट राहतो, तेवढा फायदा घ्या.

एआयला एक प्रश्न विचारला की किती वीज जाते?
गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जेमिनीच्या मधल्या आकाराच्या एका लिखित प्रश्नाला ०.२४ वॅट-तास लागतात. असे १,००० प्रश्न म्हणजे पाव युनिटही नाही. त्यातली सुमारे १० टक्के वीज राखीव म्हणून चालू ठेवलेल्या रिकाम्या मशीनची आहे. व्हिडिओ बनवून घ्यायला मात्र कितीतरी जास्त लागते.

तासभर व्हिडिओ बघितला तर?
आयईएच्या २०२० च्या अंदाजानुसार सरासरी ०.०७७ युनिट. त्यातला मोठा वाटा बघण्याच्या स्क्रीनचा. टीव्हीपेक्षा फोनवर खूप कमी लागते.

मग मी काय करू शकतो?
फोन बदलायची घाई करू नका, कारण फोनच्या एकूण कार्बनचा मोठा भाग तो बनवतानाच झालेला असतो. आणि तुम्ही कोडिंग शिकत असाल, क्लाउडवर कॉलेजचा प्रोजेक्ट करत असाल, तर काम झालं की सर्व्हर बंद करा. तुमच्या हातातला सगळ्यात मोठा स्विच हाच आहे.

थोडक्यात

कुठल्याही डेटा सेंटरबद्दल चार प्रश्न विचारा. वरखर्च किती? सर्व्हर खरंच काम करतायत का? वीज कुठली आणि कुठल्या वेळची? पाणी किती? पहिल्याचं उत्तर जाहिरातीत मिळतं, बाकीच्या तिघांसाठी खोदावं लागतं.

दर शुक्रवारी घरी जाण्याआधी मी क्लाउडचं पान उघडून माझ्या नावावर काय चालू आहे ते बघतो. दोन मिनिटं लागतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मोटर बंद केली का बघून यायचं, यात सांगण्यासारखं काय आहे?"